लेटच्या पुढे टू येत नाही

आमच्या घरात बाहेर जायचं असलं की इंग्रजीत विचारावं लागे. बाबा वर्ध्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि हा नियम त्यांचाच. वर्ध्याला लागूनच्या पिपरी मेघेत तेव्हा नुकती घरं होऊ लागली होती. आमचं घर कोपऱ्याच्या प्लॉटवर. समोरच्या खोलीत बाबांची नायलॉनच्या पट्ट्यांची खुर्ची असायची. तिच्यासमोर हात मागे घेऊन उभं राहायचं आणि वाक्य म्हणायचं. 'लेट मी गो टू द मार्केट.' 'लेट मी प्ले आउटसाइड.' वाक्य बरोबर आलं तर बाबा बोटाने दाराकडे खूण करायचे. चुकलं तर पुन्हा पेपरात डोकं घालायचे. काय चुकलं ते सांगायचे नाहीत. ते आपलं आपण शोधायचं, आणि त्या दिवशी दुसरी संधी नाही.

'लेट' त्यांचं लाडकं क्रियापद. दिसायला एवढंसं, पण भल्याभल्यांना पाडतं, असं ते म्हणायचे. भूतकाळातही त्याचं रूप बदलत नाही. आज लेट आणि कालही लेटच. आणि सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे त्याच्या पुढच्या क्रियापदाला 'टू' लागत नाही. 'अलाऊ'ला लागतं, 'परमिट'ला लागतं, 'लेट'ला नाही. मराठी पोरं नेमकी तिथे पडतात, हे सांगताना बाबांचा चेहरा खुलायचा.

मीही तिथेच पडले. चौथीत होते, शाळेची सहल बोर धरणावर जाणार होती. मी घाबरून 'लेट मी टू गो' म्हणून बसले. सहलीच्या दिवशी सकाळी गाडी आमच्याच रस्त्याने गेली. बाबांनी पेपर खाली घेतला आणि मला खिडकीशी बोलावलं.

"बघ," ते म्हणाले, "तुझ्या मैत्रिणी चालल्या. टू न घालणाऱ्या."

माझी ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. मोरीत कपडे धुता धुता ती माझ्याकडून वाक्यं घोटून घ्यायची. तिचं एकही वाक्य चुकत नसे. आईला मात्र नियम नव्हता. आई समुद्रपूरकडच्या शेतकऱ्याची मुलगी, सातवीपर्यंत शिकलेली. ती आपल्या वऱ्हाडीत "बाजारातून जाऊन येतो" म्हणायची आणि बाबा हुंकार द्यायचे. चारचौघांत ते म्हणायचे, "घरात एक विद्यार्थी असा आहे की त्याला ॲडमिशनच देता येत नाही." आई हसायची. तिला वाटायचं, आपली सुटका झाली आहे.

एका शनिवारी सकाळची शाळा आटोपून बाबा त्यांच्या एका सहकारी मास्तरांना घेऊन घरी आले होते. आईने पोहे केले होते. तेवढ्यात फोन वाजला. समुद्रपूरहून मामा बोलत होते. आजी बरेच दिवस अंथरुणावर होती, ती आता शेवटच्या घटका मोजत होती. डोळे उघडले की आईलाच शोधते, असं मामा म्हणाले. आईने फोन ठेवला, आत जाऊन पिशवीत दोन लुगडी कोंबली आणि पदर खोचतच समोरच्या खोलीत आली.

"अहो, आईचं काई खरं नाई म्हणते दादा. मी जाऊन येतो. आत्ता निघालो त दुपारची गाडी भेटते."

बाबांच्या हातात पोह्यांची बशी होती. त्यांनी पाहुण्याकडे बघितलं, मग आईकडे.

"इंग्रजीत," ते म्हणाले.

आईला वाटलं, गंमत आहे. "अहो, मजाक नका करू."

"मजाक कसली? पोरींना नियम आहे, तुला नको? इतकी वर्षं ऐकते आहेस स्वयंपाकघरातून. म्हण."

पाहुणे हसले. आईने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मी आणि ताई मधल्या दारात उभ्या होतो. आईला वाक्य माहीत होतं. दोन मुलींनी इतक्या वेळा घोकलेलं वाक्य तिला माहीत नसेल तरच नवल. पण ती आजवर ते तोंडाने बोलली नव्हती.

"लेट मी टू गो टू माय मदर," ती म्हणाली.

"शाब्बास!" बाबांनी बशी खाली ठेवली. "लेट आलं, मी आलं, मदरही आली. एक शब्द जास्त झाला. कोणता?"

आईने विचार केला. तिच्या ओठांची हालचाल मला अजून दिसते. मग तिने दोनांतला एक 'टू' काढून टाकला. नेमका नको तो.

"लेट मी टू गो माय मदर."

पाहुण्याला ठसका लागला. पोह्यांचे कण त्यांच्या शर्टावर उडाले. "जाऊ द्या हो सर, वहिनींना," ते डोळे पुसत म्हणाले.

"जाणारच आहे. तिला कोण अडवतंय? एवढं एक वाक्य."

"लेट हर गो, बाबा," ताई दारातून म्हणाली. वाक्यात काना-मात्रेची चूक नव्हती.

"तुला विचारलेलं नाही," बाबा मान न वळवता म्हणाले. "हं, पुन्हा. लेटच्या पुढे काय येत नाही?"

आई पुन्हा म्हणाली. पुन्हा चुकली. मग आणखी एकदा. तिचा आवाज बारीक होत गेला आणि शेवटी वर्गात उभ्या केलेल्या पोरीसारखी सरळ उभी राहून, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत तिने एकेक शब्द मोजून टाकला. लेट. मी. गो. टू. माय. मदर.

बाबांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनीही वाजवल्या. बाबांनी बोटाने दाराकडे खूण केली.

आई बसस्टँडवर पोचली तेव्हा गाडी सुटली होती. पुढच्या गाडीने ती समुद्रपूरला उतरली तेव्हा दिवस कलला होता आणि आजीला अंघोळ घालून अंगणात ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. मामा बाबांना काहीतरी बोलले असावेत, कारण बाबांचा मोठा झालेला आवाज मी ऐकला. "मी कुठे अडवलं? मी तर जा म्हटलं होतं. घरात दोन साक्षीदार आहेत."

तेरवी करून आई परत आली. त्या दिवसाबद्दल ती एक शब्दही बोलली नाही. बोलले ते बाबा. पुढे कोणीही पाहुणे आले आणि इंग्रजीचा विषय निघाला की ते म्हणायचे, "आमच्या हिलाही एक वाक्य येतं बरं का. ए, म्हणून दाखव." आणि आई चहाचा ट्रे हातात धरून ते म्हणायची. बिनचूक.

ताई बारावी झाली. तिला नागपूरला नर्सिंगला जायचं होतं. गुण होते, यादीत नाव लागलं होतं, हॉस्टेलही मिळत होतं. एका रविवारी ती खुर्चीसमोर उभी राहिली. तिने नागपूर, कॉलेज, अभ्यासक्रम असं सगळं एका लांब वाक्यात बांधलं होतं. ते वाक्य तिने आठवडाभर माझ्यावर म्हणून पाहिलं होतं. एखाद्या मेमसाहेबालाही त्यात खोट काढता आली नसती.

बाबांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला.

"छान," ते म्हणाले. "आता 'लेट मी गो'चा पॅसिव्ह कर."

आमच्याकडे दहावीला आज्ञार्थी वाक्याच्या पॅसिव्हचा एक प्रश्न ठरलेला. दार लाव, याचं दार लावलं जावो. 'शट द डोअर'चं 'लेट द डोअर बी शट'. पण हा प्रश्न तसा नव्हता. ताई जरा थांबली.

"होत नाही, बाबा. गो अकर्मक आहे. त्याचा पॅसिव्ह होत नाही."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ते बोट उचलणार. आईही स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी होती, हाताला कणीक तशीच.

"बरोबर," बाबा म्हणाले. "पण जायचं नाही."

"काऊन?" ताईच्या तोंडून वऱ्हाडीतलं 'का' निघून गेलं. समोरच्या खोलीत आम्हा मुलींना वऱ्हाडी बोलायला बंदी होती. त्या खोलीत तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

"मागणाऱ्याने वाक्य बरोबर करायचं असतं," बाबा शांतपणे म्हणाले. "द्यायचं की नाही ते वाक्यात नसतं. ते माझ्याकडे असतं. इतकी वर्षं तुला काय वाटलं?"

एवढं बोलून त्यांनी पेपर उघडला.

ताई रडली नाही. आत येऊन ती आईच्या हातातून परात घेऊन पोळ्या लाटायला बसली. गावातल्याच कॉलेजातून तिने बीए केलं आणि बाबांनी शोधलेल्या स्थळाशी, एका सरकारी कार्यालयातल्या कारकुनाशी तिचं लग्न झालं. वर्ध्याजवळच नालवाडीत घर. माणूस चांगला निघाला. पण त्या रविवारनंतर ताईने इंग्रजी वाक्य उच्चारलं नाही. बीएच्या परीक्षेत इंग्रजीचा पेपर तिने काठावर पास होण्यापुरताच सोडवला, मुद्दाम. निकाल बघून बाबा आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिलाही तेच हवं असावं.

माझ्या वेळी आईने वेगळं केलं. बारावीचा निकाल लागला आणि एका सकाळी, बाबा शाळेत असताना, मामा मोटारसायकल घेऊन फाटकाशी उभे राहिले. माझी बॅग आईने आधीच बाहेर ठेवली होती. नागपूरला इंजिनियरिंगचा प्रवेश मामांनी केला. संध्याकाळी बाबांनी विचारलं, "कोणाला विचारून गेली ती?"

"मले," आई म्हणाली.

हे मला तिने नंतर सांगितलं. त्यापुढे वर्षभर बाबा आईशी बोलले नाहीत. ताट नको असलं की ते हाताने सरकवायचे, मीठ कमी असलं की वाटी उपडी करायचे. पाहुण्यांपुढे मात्र बोलायचे. ते एक वाक्य म्हणून दाखवायला सांगायचे.

मी पुण्याला नोकरीला लागले. बऱ्याच वर्षांनी कंपनीने मला सहा महिन्यांसाठी जर्मनीला पाठवायचं ठरवलं तेव्हा पासपोर्ट काढला. तो घेऊन घरी आले होते. बाबा निवृत्त झाले होते. त्यांना गुडघ्यांचा त्रास सुरू झाला होता, पण खुर्ची तीच होती. सहज चाळताना पहिल्याच पानावरच्या मजकुराने मला अडखळवलं. या व्यक्तीला मोकळेपणी जाऊ द्यावं, अशी विनंती राष्ट्रपतींच्या नावाने केलेली असते. आणि पुढे शब्द होते 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स'. लेटशिवाय? लेटशिवाय कसं जाऊ देणार? मी ते बाबांना दाखवलं.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. "छापण्यात चूक आहे."

"सरकारी पासपोर्टात?"

"सरकारात काय मोठे विद्वान बसलेत?"

मी त्यांच्याच कपाटातला जाडजूड शब्दकोश काढला. त्याची पाठ लाल कापडाची होती आणि ती फारशी मोडलेलीही नव्हती. 'लेट'चं पहिलं मोठं कलम होतं, बाबा शिकवायचे ते: सोडणं, मागे ठेवून जाणं, परवानगी देणं, घर भाड्याने देणं. जुन्या इंग्रजीतला हा शब्द मुळात हातातलं ढिलं सोडण्याचा. आणि त्याच्याखाली, बारीक अक्षरांत, आणखी एक 'लेट' होता. वेगळा शब्द. उशीर करवणं, अडवणं, वाटेत आडवं येणं. 'उशिरा' या अर्थाचा जो 'लेट' आपण गाडीला लावतो, त्याचं हे सख्खं भावंड. दोन शब्द वेगवेगळ्या रस्त्यांनी आले आणि शेकडो वर्षांच्या वापरात झिजून झिजून एकाच स्पेलिंगचे झाले. म्हणजे जाऊ देण्याला जो शब्द, अडवण्यालाही तोच. अडवणारा पुढे मागे पडला. आता तो कायद्याच्या कागदांत, पासपोर्टात आणि टेबल टेनिसमध्ये उरलाय. सर्व्हिसचा चेंडू जाळीला घासून गेला की पंच 'लेट' म्हणतात, तो हाच.

मी हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. हळूहळू, मुद्दाम, त्यांच्यासारखं शब्द तोडून. बाबांनी शब्दकोश ओढून घेतला, स्वतः वाचला आणि मिटवला.

"हे जुनं झालं. बोर्डाला विचारत नाहीत."

"पण आहे."

"आहे तर आहे. तीस-पस्तीस वर्षं शिकवलं मी. कोणी मेलं का याच्यावाचून?"

आई उंबऱ्याशी बसून लसूण सोलत होती. तिने मान वर केली.

"काय लिवलं आहे त्यात?" तिने मला विचारलं.

मी तिला मराठीत सांगितलं. या शब्दाचा अर्थ जाऊ देणं असा होतो आणि अडवून ठेवणं असाही.

आईने सोललेली पाकळी वाटीत टाकली. "मंग बरोबरच शिकवत होते थे," ती म्हणाली.

"तुला काय कळतं त्यातलं?" बाबा म्हणाले.

"मले कळलं ना."

ती हे रागाने म्हणाली नाही. लसूण संपवून, टरफलं सुपात गोळा करून ती उठली. मी दुसऱ्या दिवशी पुण्याला आणि पुढे जर्मनीला गेले. तिथे असतानाच एक दिवस बाबांचा फोन आला. आई घर सोडून समुद्रपूरला निघून गेली होती.

"कपडे भरत होती," ते सांगत होते. "मी म्हटलं, कुठे? म्हणाली, समुद्रपूरले. मी म्हटलं, किती दिवस? तर पिशवी उचलली आणि चालायला लागली. विचारलंसुद्धा नाही. एका शब्दानं विचारलं नाही, बघ." त्यांनी हेच मला पुन्हा पुन्हा सांगितलं. जाण्यापेक्षा न विचारण्याचं त्यांना जास्त लागलं होतं.

मी परत आले तोवर दिवाळी होऊन गेली होती. वर्ध्याला बाबांकडे गेले. एका खानावळीतून त्यांचा डबा येत होता. समोरच्या खोलीत धूळ होती, खुर्चीच्या दोन पट्ट्या तुटून खाली लोंबत होत्या. ताई नालवाडीत, स्कूटीवर दहा मिनिटांच्या अंतरावर. ती एकदाही आली नव्हती.

"तू समुद्रपूरला जा," बाबा म्हणाले. "तिला आण. म्हणावं, मी काही बोलणार नाही."

मी गेले. मामांच्या घरी पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरला होता आणि आई त्याला टेकून बसली होती. रंग उजळला होता. मामी तिच्या शेजारी तांदूळ निवडत होती. मी निरोप सांगितला.

"नाई येत," आई म्हणाली. "तू जेवून जाजो."

"बाबांना गुडघ्यांनी उठवत नाही, आई."

"माह्या आईले उठवत होतं का?"

मामी सूप उचलून आत निघून गेली. माझा फोन वाजायला लागला. बाबांचा होता. मी आईकडे पाहिलं.

"वाजू दे," ती म्हणाली, आणि माझ्यासाठी ताट घ्यायला उठली.

संध्याकाळी मी पिपरी मेघेला पोचले तेव्हा बाबांनी कोणाकडून तरी समोरची खोली झाडून घेतली होती. ओट्यावर तीन कप धुऊन पालथे ठेवलेले. मी एकटीच फाटकातून आत येताना त्यांनी बघितलं.

"काय म्हणाली?"

"नाई येत, म्हणाली." मी तिचं वाक्य तिच्याच बोलीत सांगितलं. आजीचंही सांगितलं, जसंच्या तसं.

त्यांचा जबडा हलला. मला वाटलं, आता ते काहीतरी दुरुस्त करतील. त्यांनी केलं नाही. गुडघ्यांवरून हात फिरवत ते म्हणाले, "आज राहतेस ना? डबा दोघांना पुरेल."

"माझं तिकीट आहे," मी म्हणाले.

तिकीट दोन दिवसांनंतरचं होतं. मी ऑटो करून नालवाडीला ताईकडे गेले. तिने भरली वांगी केली होती. मी दिवसभर कुठे होते, आई काय म्हणाली, बाबा कसे आहेत, यांतलं तिने एकही विचारलं नाही. मीच आईचं सांगितलं. बाबांचं सांगायला लागले तेव्हा तिने मिक्सर सुरू केला.

तेवढ्यात ताईची मुलगी आतून केस विंचरत आली. दहावीतली पोरगी, ताईसारखीच उंच.

"आई, मी जरा—"

"जाय," ताई म्हणाली.

पोरगी एक क्षण उभी राहिली, मग चपला घालून गेली. मी विचारलं, "कुठं गेली ती?"

"मले काय माहीत."

"अगं, अंधार पडतोय."

"येते थे."

ती आली, आमची जेवणं होत आली तेव्हा. ताईने तिला वाढलं, चारदा पोळी घेतेस का म्हणून विचारलं, आणि दुसरं काही नाही. नंतर मी ओसरीत अंथरूण घालत होते तर पोरगी उशी घेऊन आली. उशी माझ्या हातात न देता ती तशीच छातीशी धरून उभी राहिली.

"मावशी, मी कुठं गेलती ते तू तरी विचार ना," ती म्हणाली. "आई कधीच विचारत नाई. दुसऱ्यांच्या आया फोन करून करून डोकं खातात. मी मेली तरी हिले पत्ता नाई लागणार."

आत ताई भांडी लावत होती. मधलं दार उघडंच होतं. भांड्यांचा आवाज जरा थांबला, आणि पुन्हा सुरू झाला.